उतार कुठे आणि केव्हा? धरणाखालच्या नदीचे घड्याळ

नदीत उतरायचे तर आधी उतार कुठे आहे ते पाहावे, हे नदीकाठच्या गावात कोणाला शिकवावे लागत नाही. काठ उतरता आहे, तळ घट्ट आहे, पाणी उथळ आहे आणि परत येण्याची वाट मोकळी आहे, अशी जागा म्हणजे उतार. असे उतार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. पावसाळ्यात ते बुडतात आणि हिवाळ्यात पुन्हा वर येतात. हा बदल ऋतूंबरोबर होतो, त्यामुळे तो सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो.

परंतु नदीवर धरण असेल आणि धरणाच्या पायथ्याशी वीजगृह असेल तर काय होईल? आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना सकाळी गुडघाभर पाणी असलेला उतार दुपारी छातीभर पाण्याखाली जाऊ शकतो आणि मध्यरात्री पुन्हा उघडा पडू शकतो. अशा नदीवर 'उतार कुठे आहे?' हा प्रश्न अपुरा ठरतो. 'उतार कुठे आणि किती वाजता आहे?' असे विचारावे लागते. या प्रश्नाशी रोजची गाठ असणारी मंडळी म्हणजे गळाने ट्राउट मासे पकडणारे छांदिष्ट. त्यांच्या अडचणीमागचे विज्ञान शाळेच्या गणिताने समजून घेता येते, आणि ते समजणे कधीकधी जीव वाचवणारे ठरते.

पंचवीस किलोमीटरांत एकच वाट

उदाहरणासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो नदी घेऊ. ॲरिझोना राज्याच्या उत्तर भागात या नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. त्याची उंची २१६ मीटर असून १९६३ मध्ये त्यात पाणी अडवण्यास सुरुवात झाली. धरणाच्या खाली सुमारे २५ किलोमीटरांवर लीज फेरी नावाचे ठिकाण आहे. ट्राउटसाठी प्रसिद्ध असलेला नदीचा टापू तो हाच.

या संपूर्ण टापूत मोटारीने पाण्यापर्यंत पोचता येते ते एकट्या लीज फेरीला. याचे उत्तर भूशास्त्रात आहे. धरणापासून खाली नदी कठीण वालुकाश्मातून वाहते. हा खडक झिजतो तो उभ्या भिंतींच्या रूपात. दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंच सरळ कडे, मध्ये नदी. लीज फेरीजवळ मात्र खडकांचे थर वाकलेले आहेत, त्यामुळे मऊ शेलचे थर नदीच्या पातळीला येतात. शेल ठिसूळ असल्याने त्याचे कडे न होता उतरत्या टेकड्या होतात. तेथेच परिया नावाची उपनदी येऊन मिळते. थोडे पुढे गेले की कठीण चुनखडक सुरू होतो आणि पुन्हा उभ्या भिंती. म्हणजे निसर्गाने दोन दऱ्यांच्या मध्ये एक दार उघडे ठेवले आहे. यापुढे नदीच्या काठापर्यंत नेणारा रस्ता थेट सुमारे ३६० किलोमीटर खाली लागतो!

१८७० च्या दशकाच्या आरंभी जॉन ली या माणसाने येथे नावेची फेरी सुरू केली, म्हणून हे लीज फेरी. ती १९२८ पर्यंत चालली, आणि १९२९ मध्ये जवळच पूल झाला. आज येथे येणारा मासेमार दोन गोष्टी करू शकतो. येथूनच पायी काठाने फिरायचे, किंवा होडी घेऊन धरणाच्या दिशेने वर जायचे आणि कड्यांच्या पायथ्याशी असलेल्या गोट्यांच्या पुळणींवर उतरायचे. दुसऱ्या पर्यायात पाठीशी उभा कडा असतो, म्हणजे पाणी वाढले तर होडीखेरीज परतीची वाट नाही.

वाळवंटात थंड पाण्याचा मासा

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. इंद्रधनुषी ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. पाणी २५ अंशांच्या आसपास गेले की त्याच्या जिवावर बेतते. याचे एक कारण ऑक्सिजन. समुद्रसपाटीला एक लिटर पाण्यात १० अंशांना सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.६ मिलिग्रॅम. शिवाय पाणी तापले की माशाच्या शरीरातील क्रिया वेगाने होऊ लागतात. गरज वाढते आणि पुरवठा घटतो.

मग ॲरिझोनाच्या वाळवंटात ट्राउट आला कसा? धरणापूर्वीची कोलोरॅडो उन्हाळ्यात चांगली कोमट होत असे आणि लाल गाळाने भरलेली असे. तिच्या नावाचाच अर्थ 'तांबूस' असा आहे. धरणाने दोन बदल केले. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचे तापलेले पाणी हलके असल्याने वरच तरंगते आणि थंड, जड पाणी तळाशी राहते. वीजगृहाकडे जाणाऱ्या नळांची तोंडे जलाशयाच्या पूर्ण पातळीच्या सुमारे ७० मीटर खाली आहेत. त्यामुळे जलाशय भरलेला असताना नदीत येणारे पाणी बाराही महिने सुमारे ७ ते १० अंशांचे असे. दुसरा बदल असा, की गाळ जलाशयातच बसतो. खाली येणारे पाणी नितळ असते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, गोट्यांवर शेवाळ वाढते, शेवाळावर झिंग्यांसारखे दिसणारे इवलेसे कवचधारी जीव आणि चिलटांच्या अळ्या वाढतात, आणि त्यांवर मासे. १९६४ मध्ये येथे इंद्रधनुषी ट्राउट सोडण्यात आला आणि तो येथे पैदास करू लागला.

या थंडीची किंमतही मोजावी लागली. कोमट, गढूळ पाण्याला सरावलेल्या नदीच्या मूळच्या माशांपैकी काही जाती या टापूतून नाहीशा झाल्या. आणि ही थंडी कायमची नाही. २०२२ मध्ये दीर्घ अवर्षणाने जलाशयाची पातळी इतकी खाली गेली, की वरचा तापलेला थर नळांच्या तोंडाजवळ आला. नदीचे पाणी १६ अंशांच्या बरेच वर गेले आणि जलाशयातील स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा धरणाखाली पैदास करताना आढळला. २०२४ च्या उन्हाळ्यात वीजगृहाला वळसा घालणाऱ्या, आणखी खोलवरच्या नळांतून थंड पाणी सोडून नदी गार ठेवण्याचा उपाय करण्यात आला. त्या पाण्यापासून वीज मिळत नाही. नदीचे तापमान आता धरणाच्या कोणत्या तोंडातून पाणी येते यावर ठरते.

विजेवर चालणारी भरती-ओहोटी

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. रात्री ती उतरते, सकाळ-संध्याकाळी चढते. औष्णिक केंद्र पटकन चालू-बंद करता येत नाही, पण जलविद्युत जनित्राला काही मिनिटे पुरतात. म्हणून मागणी चढली की धरणातून जास्त पाणी सोडायचे आणि उतरली की कमी, अशी पद्धत पडली. त्यामुळे खालच्या नदीला रोजची भरती-ओहोटी येते. फरक इतकाच, की समुद्राची भरती चंद्र ठरवतो आणि ही शहरातली बटणे.

आरंभीच्या काळात ग्लेन कॅन्यनखाली हे चढउतार फार मोठे होते. काठांची धूप आणि जीवसृष्टीची हानी लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात त्यांवर मर्यादा घातल्या गेल्या. आपल्याकडे वर्तमानपत्रांत विसर्ग क्युसेकमध्ये देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. १९९६ च्या नियमांनुसार विसर्ग रात्री किमान ५,००० आणि दिवसा किमान ८,००० क्युसेक असावा, वाढवताना तो तासाला ४,००० क्युसेकपेक्षा जास्त वाढवू नये आणि एका दिवसातला एकूण फरक ८,००० क्युसेकच्या आत ठेवावा, असे ठरले. २०१६ मध्ये नियमांत सुधारणा झाली, पण वाढीचा वेग तोच राहिला.

लाट किती वेगाने येते?

आता गणित करू. सोयीसाठी १०० मीटर रुंद, सपाट तळाची नदी कल्पू. विसर्ग सेकंदाला १५० घनमीटर, म्हणजे सुमारे ५,३०० क्युसेक, आणि सरासरी खोली २ मीटर. पाण्याचा छेद १०० गुणिले २, म्हणजे २०० चौरस मीटर. वेग १५० भागिले २००, म्हणजे सेकंदाला ०.७५ मीटर.

विसर्ग दुप्पट केला तर खोली दुप्पट होईल का? नाही, कारण खोल पाणी अधिक वेगाने वाहते. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून, रुंद नदीत विसर्ग दुप्पट झाला की खोली सुमारे १.५२ पट आणि वेग सुमारे १.३२ पट होतो. म्हणजे नवी खोली ३.०३ मीटर, वेग ०.९९ मीटर आणि छेद ३०३ चौरस मीटर. पाणी एका मीटरहून थोडे अधिक चढले.

ही वाढ खाली किती वेगाने सरकेल? लाटेचा माथा एक मीटर पुढे गेला, की त्या एका मीटर लांबीत ३०३ वजा २००, म्हणजे १०३ घनमीटर जादा पाणी भरावे लागते. हे जादा पाणी वरून सेकंदाला ३०० वजा १५०, म्हणजे १५० घनमीटर या दराने येत आहे. म्हणून लाटेचा वेग १५० भागिले १०३, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४६ मीटर, तासाला सव्वापाच किलोमीटर. झपाझप चालणाऱ्या माणसाचा हा वेग आहे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस जरूर आणावी. लाटेचा वेग १.४६ मीटर आहे, पण पाण्याचा स्वतःचा वेग ०.९९ मीटरच आहे. लाट पाण्याच्या पुढे धावते! धरणातून सोडलेले पाणी २५ किलोमीटर जायला सात तास लागतील, पण पातळी पावणेपाच तासांतच वाढू लागेल. ही वाढ आधीच नदीत असलेल्या पाण्याची असते. मागून रेटा आल्याने ते साचून पुढे सरकते. गर्दीच्या रांगेत मागून धक्का दिला तर धक्का देणारा मागेच असतो, पण धक्का पुढच्या माणसापर्यंत पोचतो, तसेच हे. म्हणून पाणी गढूळ होईल, थंड होईल आणि मग आपण बाहेर पडू, अशी वाट पाहणे धोक्याचे आहे. रंग आणि तापमान बदलण्याच्या आधीच पातळी वाढलेली असते.

खरी नदी अशी सरळ नसते. कुठे डोह, कुठे खळाळ, त्यामुळे प्रत्यक्ष वेळा वेगळ्या येतात, आणि खाली जाता जाता लाट पसरतही जाते. म्हणून मासेमार नुसत्या सूत्रावर विसंबत नाहीत. धरणाचे विसर्गाचे वेळापत्रक आणि खालच्या मापन केंद्रांवरील नोंदी जुळवून ते आपल्या जागेची वेळ ठरवतात. तत्त्व मात्र तेच. धरणावर पहाटे सहाला विसर्ग वाढला, तर आपल्या कल्पित नदीत १० किलोमीटरांवर पाणी आठच्या सुमारास आणि २५ किलोमीटरांवर पावणेअकराच्या सुमारास वाढू लागेल. वरच्या उतारावर पाणी चढत असताना खालचा उतार अजून उघडा असतो. उलट, पाणी ओसरू लागते तेही आधी वर आणि मग खाली.

उभे कुठे राहावे?

विसर्ग तासाला ४,००० क्युसेक या दराने वाढला, तर आपल्या उदाहरणातील वाढ व्हायला सुमारे ८० मिनिटे लागतील. ८० मिनिटांत १०३ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सव्वा सेंटिमीटर. गळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे जाणवणारही नाही. अर्धा मीटर पाण्यात उभा असलेला तो सव्वा तासाने दीड मीटर पाण्यात असेल. आणि प्रश्न केवळ खोलीचा नाही. अंगावर येणारा पाण्याचा रेटा बुडालेल्या भागाच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. खोली तिप्पट, वेगाचा वर्ग सुमारे पावणेदोनपट, म्हणजे रेटा पाचपटींहून जास्त. त्यात भर म्हणजे पाणी शरीराला वर उचलते, त्यामुळे पायांची पकड सुटते.

म्हणून चांगल्या उताराची परीक्षा पाण्यात शिरण्यापूर्वी करायची असते. पहिली गोष्ट, आपल्या आणि काठाच्या मध्ये दुसरा सखल प्रवाह नसावा. नदीतले उंच बेट सुरक्षित वाटते, पण पाणी वाढले की आधी मागची सखल नाळ भरते आणि बेट बेटच राहते. दुसरी, काठ हळूहळू चढत जाणारा असावा, म्हणजे पाणी वाढेल तसे मागे सरकता येते. तिसरी, खडकांवरील ओल आणि शेवाळाचा पट्टा पाहावा. तो जिथवर आहे तिथवर पाणी नेहमी चढते. चौथी, काठाशी पाण्याच्या रेषेवर एक काडी खोवून ठेवावी आणि दर पाच-दहा मिनिटांनी तिच्याकडे पाहावे. काडी बुडू लागली, किंवा काठावरच्या सुक्या काटक्या-पाने पाण्यावर तरंगत येऊ लागली, की गळ गुंडाळून बाहेर पडावे.

हेच घड्याळ कीटकांचेही

या लाटेच्या वेळापत्रकाचा आणखी एक बळी २०१६ मध्ये जगापुढे आला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील टेड केनेडी आणि सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत वापरली. ग्रँड कॅन्यनमधून डोंग्यांनी प्रवास करणाऱ्यांना त्यांनी दिव्याचे सापळे दिले. रोज अंधार पडल्यावर तासभर दिवा लावायचा आणि गोळा झालेले कीटक बाटलीत भरायचे. असे अडीच हजारांहून अधिक नमुने जमले. ट्राउटच्या आवडीचे मेफ्लायसारखे कीटक या नदीत जवळजवळ नाहीतच असे दिसले, आणि चिलटांची संख्या ठराविक अंतरांनी कमी-जास्त होत होती.

कारण काय? यांतील अनेक कीटक तिन्हीसांजेला पाण्याच्या अगदी काठाशी अंडी चिकटवतात. त्या वेळी तेथे भरती असेल, तर रात्री पाणी उतरल्यावर अंडी उघडी पडून वाळतात. त्या वेळी ओहोटी असेल, तर पुढे पाणी वाढले तरी अंडी पाण्यातच राहतात. लाट सगळीकडे एकाच वेळी पोचत नसल्याने नदीच्या काही भागांत तिन्हीसांजेला भरती असते आणि काही भागांत ओहोटी. जिथे ओहोटी, तिथे चिलटे जास्त. मासेमाराला उतार दाखवणारे गणित कीटकांचा पाळणा कुठे हलेल तेही सांगते! या शोधानंतर २०१८ पासून काही उन्हाळ्यांत शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला. सुटीच्या दिवशी विजेची मागणी कमी असल्याने त्यात नुकसानही थोडेच.

बियास, ८ जून २०१४

आपल्याकडेही ट्राउटच्या नद्या आहेत. ब्रिटिश राजवटीत काश्मीर आणि कुल्लूच्या थंड पाण्यात हा मासा आणून सोडला गेला. कुल्लू खोऱ्यात तीर्थन आणि सैंज या नद्या लारजीजवळ बियासला मिळतात. ती जागा ट्राउटच्या शौकिनांना फार पूर्वीपासून माहीत आहे. तेथेच आता लारजी जलविद्युत प्रकल्पाचे धरण आहे. ८ जून २०१४ रोजी संध्याकाळी या धरणाच्या खाली, थलौटजवळ, हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी नदीतल्या खडकांवर उतरले होते. धरणातून सोडलेले पाणी आले आणि २४ विद्यार्थी व त्यांच्याबरोबरचा एक जण वाहून गेला.

या घटनेतील एक तपशील शिक्षकांनी लक्षात ठेवावा. ग्लेन कॅन्यनखाली विजेची मागणी वाढली की पाणी वाढते. लारजीचा जलाशय लहान आहे. अशा धरणात वीजनिर्मिती कमी केली, तर बोगद्याने जनित्रांकडे जाणारे पाणी साठवायला जागा नसते. ते दरवाजांतून थेट नदीत सोडावे लागते. म्हणजे येथे मागणी घटल्यानेही पाणी वाढू शकते. धरण कोणत्या प्रकारचे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाने नुसते पाणी पाहून काहीही अंदाज बांधू नये. उघडे पडलेले, धुतल्यासारखे स्वच्छ खडक हे नदी निवांत असल्याचे लक्षण नव्हे. तेथून पाणी नेहमी जाते याची ती खूण आहे. सहल नेताना वर धरण आहे का, पाणी केव्हा सोडतात, भोंगा वाजतो का आणि तो या जागी ऐकू येतो का, एवढे चार प्रश्न स्थानिकांना विचारायला पाच मिनिटे पुरतात.

वर्गात करण्याजोगे

पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत सोडलेल्या विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रांत तासावारी येतात. तुमच्या जवळच्या धरणाचेही मिळतील. विद्यार्थ्यांना ते क्युसेकमधून घनमीटरमध्ये बदलायला सांगा. नकाशावर दोरा ठेवून धरणापासून गावच्या पुलापर्यंतचे नदीचे अंतर मोजा. नदी वळणे घेत जाते, म्हणून सरळ रेषेने मोजू नये. लाटेचा वेग तासाला पाच किलोमीटर धरून पुलाजवळ पाणी केव्हा वाढेल याचा अंदाज फळ्यावर लिहा. पुलाखाली पाणी प्रत्यक्ष केव्हा वाढले ते दुसऱ्या दिवशी बातम्यांतून किंवा नदीकाठच्या रहिवाशांकडून कळेल. अंदाज चुकला तर तो किती आणि का चुकला, मध्ये उपनदी किंवा बंधारा आहे का, याची चर्चा घडवा. तीन-चार वेळा असे केले की तुमच्या गावच्या नदीचा लाटेचा वेग वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवता येईल. हे सारे वर्गात बसून करावे, पाणी सोडलेले असताना नदीकाठी जाऊन नव्हे.